झुरिक ते मिलान : आल्प्सच्या पोटातून जाणारी युरोसिटी

झुरिकहून मिलानला रेल्वेने जाऊन आलेल्यांकडून एक तक्रार हमखास ऐकू येते. आल्प्स पाहायचा म्हणून खिडकीची जागा पटकावली आणि ऐन आल्प्सच्या वेळी बाहेर मिट्ट काळोख झाला, अशी ती तक्रार असते. ती खोटी नाही. एर्स्टफेल्ड मागे पडले की युरोसिटी गाडी गोटहार्ड बेस टनेलमध्ये शिरते आणि ५७.१ किलोमीटरनंतर बोडिओजवळ बाहेर पडते. मधली सुमारे वीस मिनिटे काचेत आपलाच चेहरा पाहत बसावे लागते. मात्र एवढ्यावरून या गाडीला नावे ठेवणे मला पटत नाही. प्रवासाचे साधन म्हणून ही सेवा उत्तम आहे. तिच्यातले जे पाहण्यासारखे आहे ते बोगद्याच्या अलीकडे आणि पलीकडे आहे, आणि नेमक्या त्याच वेळी बहुतेक प्रवासी मोबाइलमध्ये डोके खुपसून बसलेले असतात.

हा बोगदा पर्यटकांसाठी खोदलेला नाही, हे आधी ध्यानात घ्यायला हवे. उत्तर आणि दक्षिण युरोपमधला माल ट्रकांनी आल्प्सच्या दऱ्याखोऱ्यांतून वाहून नेला जात होता, आणि त्या धुराला व गोंगाटाला कंटाळलेल्या स्विस मतदारांनी २७ सप्टेंबर १९९२ रोजी सार्वमताद्वारे आल्प्सखालून नवे रेल्वेमार्ग बांधण्यास मंजुरी दिली. जुना मार्ग डोंगर चढत ११५१ मीटर उंची गाठतो. नव्या मार्गाचा सर्वांत उंच बिंदू अवघ्या ५४९ मीटरवर आहे. अवजड मालगाडीला चढ उरू नये हा त्यामागचा मुख्य हेतू. १ जून २०१६ रोजी बोगद्याचे उद्घाटन झाले, त्याच वर्षी ११ डिसेंबरपासून नियमित वाहतूक सुरू झाली, आणि २०२० मध्ये दक्षिणेकडचा १५.४ किलोमीटर लांबीचा चेनेरी बोगदाही तयार झाला. या दोन्हींमुळे प्रवाशांचा जवळपास एक तास वाचला, पण तो मालगाड्यांच्या सोयीतून मिळालेला जोडफायदा आहे. देखावा हरवला म्हणून हळहळणाऱ्याने ही मूळ कथा जाणून घेतली की त्याचा राग बराच निवळतो.

आता गाडीविषयी. झुरिक मुख्य स्थानक ते मिलान सेंट्राले हे अंतर युरोसिटी साधारण सव्वा तीन तासांत कापते. स्विस रेल्वे आणि इटलीची ट्रेनितालिया यांच्या सहकार्याने ही सेवा चालते. मार्गावर प्रामुख्याने दोन प्रकारच्या गाड्या दिसतात : वळणावर कलणारी आस्तोरो, आणि स्टाडलर कंपनीने खास या मार्गाचा विचार करून बनवलेली, २०१९ पासून सेवेत असलेली जिरूनो. निवड हातात असेल तर मी जिरूनो घेण्यास सुचवेन. तिच्यात फलाटावरून थेट, पायरी न चढता आत जाता येते. स्वित्झर्लंड-इटलीचे फलाट आणि जर्मनीचे फलाट वेगवेगळ्या उंचीचे असल्यामुळे तिच्यात ५५ आणि ७६ सेंटिमीटर अशा दोन्ही उंचीची दारे ठेवलेली आहेत. चाकाच्या खुर्चीवरील प्रवासी, बाबागाडी घेऊन निघालेले आईवडील आणि दोन मोठ्या बॅगा ओढणारे ज्येष्ठ नागरिक यांना या एका गोष्टीचे मोल किती वाटत असेल, हे वेगळे सांगायला नको. पुरुष आणि स्त्रिया यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे ही आणखी एक जमेची बाजू. दुसऱ्या वर्गात मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन आसने असतात, पहिल्या वर्गात एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक. सव्वा तीन तासांसाठी पहिल्या वर्गाचे जादा पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. एकट्याने प्रवास करणाऱ्याला शेजारी नसलेली जागा हवी असेल तर गोष्ट निराळी.

जागा कोणत्या बाजूची घ्यावी, हा प्रश्न वर्गापेक्षा महत्त्वाचा आहे. मिलानच्या दिशेने जाताना उजवी बाजू घ्यावी, हे माझे ठाम मत. झुरिक सोडल्यावर सुरुवातीला तलाव डावीकडे असतो, म्हणून नवखा प्रवासी आपली जागा चुकली असे समजून चुळबूळ करू लागतो. पण तो भाग लवकर संपतो. झुग शहरानंतर गाडी झुग तलावाच्या पूर्व काठाने धावू लागते. उजवीकडे पाणी, पाण्यापलीकडे रिगी पर्वताचा उतार, आणि मध्ये एखाद्या घराची बाग इतकी जवळ येते की दोरीवर वाळत घातलेले कपडेही मोजता यावेत. गाडीचा वेग इथे बेताचाच असतो. ही संपूर्ण सेवा अतिवेगवान असल्याचा अनेकांचा समज असतो, पण तो फक्त बोगद्यापुरता खरा आहे. तलावाकाठचे रूळ एकोणिसाव्या शतकातल्या आखणीचे आहेत, आणि काठाला धरून वळणे घेत जाण्यापलीकडे त्यांना इलाज नाही. प्रवाशाच्या दृष्टीने ही अडचण वरदानच ठरते.

आर्थ-गोल्डाऊ स्थानकात रिगीवर जाणाऱ्या दातेरी रुळांच्या गाडीचा फलाट मुख्य रुळांच्या वर, पुलासारखा उभारलेला दिसतो. डाव्या बाजूला बसलेल्यांच्या वाट्याला इथे थोडे काही येते. गाडी स्थानक सोडत असताना डावीकडे मागे वळून पाहिले, तर रॉसबर्ग डोंगराच्या उतारावर कडा कोसळल्याची जुनी जखम दिसते. २ सप्टेंबर १८०६ रोजी त्या दरडीखाली गोल्डाऊ गाव गाडले गेले आणि ४५७ माणसे मरण पावली. आजचे स्थानक त्याच ढिगाऱ्यावरच्या परिसरात उभे आहे. पुढे श्वित्स गावामागचे मिथेन शिखरांचे जुळे सुळकेही डावीकडेच. त्यानंतर मात्र उजवी बाजू पुन्हा बाजी मारते. ब्रुनेनपासून फ्ल्युएलेनपर्यंत रूळ उर्नर तलावाच्या कड्याला चिकटून जातात. बोगदे लागतात, संपतात, आणि मधल्या फटींतून काही सेकंदांपुरता हिरवानिळा तलाव व समोरचा उभा कडा दिसतो. समोरच्या काठावरच र्‍युटली हे कुरण आहे. १२९१ च्या सुमारास तीन प्रदेशांच्या प्रतिनिधींनी तेथे शपथ घेऊन स्विस संघाचा पाया घातला, अशी परंपरा सांगितली जाते.

फ्ल्युएलेनजवळ तलावाच्या दक्षिण टोकाला काही लहान बेटे आहेत. ती निसर्गनिर्मित वाटली तरी तशी नाहीत. रॉइस नदीच्या मुखाशी वाळूउपशामुळे काठ झिजत चालला होता. तिथे बेस टनेलमधून आणि फ्ल्युएलेनच्या वळणरस्त्याच्या बोगद्यातून निघालेला दगड टाकून ती उभारण्यात आली. काहींवर लोक पोहायला जातात, काही पक्ष्यांसाठी राखून ठेवली आहेत. ज्या बोगद्यात आपण काही मिनिटांत शिरणार आहोत, त्याच्या पोटातला दगड पाण्यात असा मांडून ठेवलेला पाहणे मला या प्रवासातील सर्वांत रंजक गोष्टींपैकी एक वाटते. गाडीत याची माहिती देणारी घोषणा होत नाही, हे खटकते.

बोगद्यातला अनुभव शब्दांत सांगण्यासारखा फारसा नाही. कानांना किंचित दडे बसतात, गाडीचा आवाज बदलतो, आणि पडद्यावर दाखवला जाणारा वेग ताशी २०० किलोमीटरच्या आसपास पोचतो. डोक्यावर काही ठिकाणी २३०० मीटर जाडीचा खडक असतो. खोदकामाच्या वेळी त्या खडकाचे तापमान ४६ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते, त्यामुळे थंड हवा खेळवल्याशिवाय कामगारांना तिथे उभे राहणेही शक्य नव्हते. या कामात नऊ जणांचा जीव गेला. मोबाइलचे नेटवर्क बोगद्यातही मिळते. एक सावधगिरीची सूचना मात्र इथेच देतो : स्वित्झर्लंड युरोपीय संघाचा सदस्य नसल्यामुळे इटलीत किंवा फ्रान्समध्ये घेतलेल्या सिमचे रोमिंग इथे आपोआप लागू होतेच असे नाही. डेटाचे बिल पाहून थक्क होण्यापेक्षा आधी चौकशी केलेली बरी.

बोडिओला बाहेर पडल्यावर जे दिसते, त्यामुळे बोगदाही एका अर्थी वसूल होतो. उत्तरेकडे ढग उतरलेले असावेत आणि दक्षिणेकडे लख्ख ऊन, असे इथे पुष्कळदा घडते, कारण आल्प्सची मुख्य रांग हवामानाची सीमारेषाच आहे. जुन्या मार्गाने हा बदल हळूहळू उलगडतो. नव्या मार्गाने तो दिवा लावल्यासारखा होतो. घोषणांमध्ये जर्मन मागे पडून इटालियन पुढे येते, घरांवर दगडी कपच्यांची छपरे दिसू लागतात आणि थोड्याच वेळात बेलिन्झोना येते. या गावाचे तीन किल्ले २००० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहेत. वेळ हाताशी असेल तर प्रवासाचा खंड इथे पाडावा, लुगानोला नव्हे; स्थानकापासून पायी जाता येईल इतके ते किल्ले जवळ आहेत.

चेनेरी बोगद्यानंतर, झुरिक सोडल्यापासून सुमारे दोन तासांनी लुगानो लागते. स्थानक शहराच्या वर असल्यामुळे छपरांवरून तलाव खाली पसरलेला दिसतो. इथपासून थोडा वेळ डावी बाजू चांगली. मग मेलिदे येथे गाडी तलावावर घातलेल्या बांधावरून पलीकडे जाते, त्या वेळी दोन्ही खिडक्यांत पाणी असते, आणि बांध ओलांडताच तलाव पुन्हा उजव्या हाताला येतो. माझ्या समोर बसलेल्या एका वृद्ध जोडप्याने आपले सामान, पुस्तके आणि चहाचे पेले यांसह या एका टप्प्यात दोनदा बाजू बदलली. गाडी त्या वेळी निम्मी रिकामी होती म्हणून ते साधले. सुट्टीच्या दिवसांत असे करायला कोणी जागा देणार नाही.

सीमेवर कियासो येथे गाडी काही मिनिटे थांबते. स्वित्झर्लंड २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे पारपत्रावर शिक्का मारण्याची पद्धत येथे नाही. पण युरोपीय संघाच्या सीमाशुल्क व्यवस्थेत तो देश नसल्यामुळे सीमाशुल्क अधिकारी आणि पोलीस डब्यातून फेरी मारू शकतात आणि कागदपत्रे मागू शकतात. पारपत्र सुटकेसच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावे. याच ठिकाणी रुळांवरील विजेची पद्धतही बदलते : स्वित्झर्लंडमध्ये १५ हजार व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, तर इटलीत ३ हजार व्होल्टचा एकदिश प्रवाह. दोन्हींवर चालणारी गाडी असल्यामुळे इंजिन बदलण्याचा खटाटोप मात्र करावा लागत नाही. कियासोनंतर कोमो, मोन्झा आणि मिलानची उपनगरे येतात. हा शेवटचा भाग नीरस आहे. पुस्तक वाचायचे असेल तर ते इथे वाचावे.

तिकिटाच्या बाबतीत ही सेवा जितकी सोपी असायला हवी तितकी नाही. स्वित्झर्लंडच्या आतील गाड्यांत आरक्षणाशिवाय वाटेल त्या गाडीत बसण्याची मुभा असते, आणि तीच सवय लागलेला प्रवासी इथे गोत्यात येतो, कारण सीमा ओलांडणाऱ्या प्रवासासाठी या युरोसिटीत जागेचे आरक्षण सक्तीचे आहे. स्विस ट्रॅव्हल पास जवळ असला तरी तो सीमेपर्यंतच चालतो. कियासोच्या पुढचे तिकीट आणि आरक्षण वेगळे घ्यावे लागते. सवलतीची तिकिटे मर्यादित संख्येने सुटतात, आधी काढली तर पुष्कळ स्वस्त पडतात, पण ती त्या ठरावीक गाडीलाच बांधलेली असतात. मी एकदा एका मध्यस्थ संकेतस्थळावर चौकशी केली, तेव्हा थेट गाडी उपलब्ध असूनही लुगानोला गाडी बदलण्याचा महागडा पर्याय सर्वांत वर दाखवला गेला होता आणि त्यावर सेवाशुल्कही लावले होते. तिकीट रेल्वेकडूनच थेट काढावे, एवढेच यातून म्हणायचे आहे.

आरक्षणाची कटकट नकोच असेल तर एक पळवाट आहे. लुगानोपर्यंत देशांतर्गत गाडीने जावे आणि तेथून तिलो कंपनीची प्रादेशिक गाडी घेऊन मिलान सेंट्रालेला पोचावे. स्विस रेल्वे आणि लोम्बार्डीची ट्रेनॉर्ड यांनी मिळून चालवलेल्या या गाड्यांत आरक्षण लागत नाही. वेळ थोडा अधिक लागतो, जागा साध्या असतात, पण तिकीट लवचीक राहते. दिवसाचा कार्यक्रम पक्का नसलेल्यांना मी हाच मार्ग सुचवतो.

खाण्यापिण्याविषयी थोडक्यात. रेस्टॉरंटचा डबा असतो, कॉफी चांगली मिळते, किमती स्विस आहेत. उर्नर तलाव येण्यापूर्वी तिथे टेबल पकडले आणि एका कॉफीवर बसून राहिले, तर ती कॉफी महाग वाटत नाही. पोटभर जेवण मात्र मिलानसाठी राखून ठेवावे.

आता ज्यांना खरोखर डोंगर पाहायचा आहे त्यांच्यासाठी. जुना मार्ग बंद झालेला नाही. ज्युदओस्टबान ही कंपनी २०२० च्या अखेरीपासून झुरिक आणि बासेलहून लोकार्नोपर्यंत त्रेनो गोत्तार्दो नावाची तांबूस रंगाची गाडी त्या मार्गाने चालवते, आणि तिला साधे स्विस तिकीट किंवा पास चालतो. एर्स्टफेल्डनंतर ही गाडी खरी चढू लागते. उंची गाठण्यासाठी रूळ डोंगराच्या आत गोल फिरून पुन्हा बाहेर येतात, आणि त्यामुळे वासेन गावातले टेकडीवरचे पांढरे चर्च तीनदा दिसते : प्रथम मान वर करून, मग समोरासमोर, आणि शेवटी खाली वाकून. दुसऱ्यांदा दिसले की निम्म्या प्रवाशांना ते तेच चर्च आहे यावर विश्वास बसत नाही. दिशेचे भान पूर्णपणे सुटते. सूर्य एकदा उजवीकडून आणि एकदा डावीकडून येतो.

ग्योशेनेनला १८८२ साली खुला झालेला १५ किलोमीटरचा जुना बोगदा लागतो. जिनिव्हाचे कंत्राटदार लुई फाव्र यांनी तो अत्यंत कडक अटींवर अंगावर घेतला होता. जुलै १८७९ मध्ये कामाची पाहणी करत असताना बोगद्यातच त्यांचा मृत्यू झाला. दोन्ही बाजूंचे खोदकाम एकमेकांना भेटलेले त्यांना पाहता आले नाही. मजुरांची किंमत तर त्याहून भयंकर होती. जवळपास २०० जण दगावले, आणि १८७५ मध्ये संपावर गेलेल्या इटालियन मजुरांवर ग्योशेनेन येथे गोळीबार होऊन चौघांचा बळी गेला. दुसऱ्या टोकाला, ऐरोलो स्थानकापाशी, विन्चेन्त्सो वेला या शिल्पकाराचे या मृत मजुरांचे स्मारक आहे : स्ट्रेचरवरून सहकाऱ्याला बाहेर वाहून नेणारी माणसे. पुढच्या गाडीची सोय पाहून ऐरोलोला उतरावे आणि ते शिल्प पाहावे, असे मी आग्रहाने सांगेन. दर वेळी नव्या बोगद्याच्या विक्रमी लांबीचे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे, पण या स्मारकासमोर कॅमेरा घेऊन उभा राहिलेला पर्यटक क्वचितच दिसतो.

हा जुना मार्ग भंगारात न काढण्याचे शहाणपण १० ऑगस्ट २०२३ रोजी सिद्ध झाले. त्या दिवशी नव्या बोगद्यात एका मालगाडीचे चाक तुटून डबे घसरले आणि कित्येक किलोमीटर रुळांची नासधूस झाली. पूर्ण क्षमतेने बोगदा सुरू व्हायला २ सप्टेंबर २०२४ उजाडला. मधल्या काळात लांब पल्ल्याच्या प्रवासी गाड्यांना बराच काळ डोंगरावरूनच जावे लागले आणि प्रवास सुमारे तासाभराने लांबला, परंतु खंडित झाला नाही. वर्षभर लोकांना सक्तीने का होईना, वासेनचे चर्च पाहायला मिळाले.

इतर पर्यायांशी तुलना करायची तर विमान या अंतरासाठी मला व्यर्थ वाटते. मिलानचा मालपेन्सा विमानतळ शहरापासून सुमारे ५० किलोमीटर दूर आहे आणि दोन्हीकडच्या विमानतळांवर जाणारा वेळ धरला तर गाडीच आधी पोचवते. मोटारीने जायचे झाले तर गोटहार्डचा रस्ता-बोगदा आहे, पण ईस्टर आणि उन्हाळी सुट्ट्यांत त्याच्या तोंडाशी काही किलोमीटर लांबीच्या रांगा लागतात. त्या वेळी शेजारच्या रुळांवरून जाताना रेल्वेप्रवाशाला होणारा आनंद काहीसा दुष्ट असतो, हे मान्य करायला हवे.

मिलान सेंट्राले हे १९३१ साली खुले झालेले अवाढव्य स्थानक आहे, आणि लोखंडी कमानींच्या प्रचंड छताखाली गाडी थांबते तेव्हा पोचल्यासारखे वाटते. झुरिकमध्ये फलाटावर कोणीही थेट जाऊ शकतो. इथे फलाटांकडे जाण्याआधी फाटकावर तिकीट दाखवावे लागते, म्हणून परतीच्या प्रवासात पंधरा-वीस मिनिटे हाताशी ठेवून पोचावे. गर्दीत सामानाकडे लक्ष असावे, विशेषतः तिकीट यंत्रांपाशी, जिथे मदतीचा आव आणणारे अनोळखी लोक घोटाळत असतात.

सकाळी काम आणि संध्याकाळी परत, असा बेत असणाऱ्याने डोळे मिटून युरोसिटी घ्यावी. सहलीला निघालेल्याने जाताना युरोसिटी आणि येताना बेलिन्झोनाहून त्रेनो गोत्तार्दो, असा क्रम ठेवावा. उलट दिशेला येताना तलाव डाव्या हाताला येतात, तेव्हा आरक्षण करताना बाजू बदलायला विसरू नये. आणि हिवाळ्यात लवकर अंधारून येते, म्हणून जुन्या मार्गाची गाडी दुपारी बारापूर्वीचीच धरावी.